रोजनाम्याची दुसरी प्रत : राखीव सर्व्हर आणि त्यावरील पहारा

छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवरील जिल्हा न्यायालयात असो किंवा १९८१ साली सुरू झालेल्या, जालना रोडवरील मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात असो, दाव्याची पुढची तारीख, दिवसाचे बोर्ड आणि निकालपत्र यांचा शोध आता दप्तराआधी संगणकावर घेतला जातो. २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पातून हा बदल घडला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुणे येथील केंद्रात विकसित झालेली ‘सीआयएस’ ही प्रकरण-माहिती प्रणाली, प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक आणि २०१५ पासून सर्वांना खुली असलेली राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड हे त्याचे ठळक टप्पे होत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ७,२१० कोटी रुपयांचा तिसरा टप्पाही मंजूर केला. व्यवहार इतका डेटाबेसवर आला म्हणजे सर्व्हर बंद पडताच बोर्ड अडते, नक्कल विभाग थांबतो आणि गंगापूर-वैजापूरहून आलेल्या पक्षकाराचा दिवस वाया जातो. म्हणूनच एका सर्व्हरला दुसरा राखीव सर्व्हर जोडून द्यावा लागतो. परंतु राखीव सर्व्हर असणे आणि तो ऐनवेळी कामास येणे यांत मोठे अंतर असते, आणि ते यंत्राच्या किमतीने नव्हे, तर रोजच्या देखरेखीने आणि नियमित सरावाने भरून निघते.

नोंदीचा प्रवास

डेटाबेसची जिवंत प्रत दुसऱ्या यंत्रावर सतत अद्ययावत ठेवण्याच्या पद्धतीला रेप्लिकेशन म्हणतात. जिथे मूळ लेखन होते तो मुख्य सर्व्हर आणि जिथे प्रत ठेवली जाते तो राखीव किंवा स्टँडबाय सर्व्हर. या पद्धतीच्या मुळाशी एक साधा दंडक आहे : कोणताही बदल प्रत्यक्ष तक्त्यात करण्यापूर्वी तो एका क्रमवार नोंदवहीत लिहून डिस्कवर पक्का करायचा. या नोंदवहीला लॉग म्हणतात, आणि तिचे काम न्यायालयातील रोजनाम्यासारखेच असते. प्रकरणाची फाइल गहाळ झाली तरी रोजनामा शाबूत असेल तर कोणत्या तारखेला काय घडले हे ओळीने पुन्हा उभे करता येते. आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एरीज’ या पद्धतीने या दंडकाला नेमके शास्त्रीय रूप दिले, आणि पुढच्या अनेक डेटाबेसांवर तिचा ठसा उमटला.

लॉगमधून कोलमडलेला सर्व्हर सावरता येत असेल, तर तोच लॉग दुसऱ्या यंत्राकडे पाठवून तिथे जुळी प्रत का घडवू नये, या विचारातून रेप्लिकेशन आकाराला आले. मुक्त स्रोत डेटाबेसांमध्ये प्रमुख असलेल्या पोस्टग्रेसमध्ये २०१० साली आवृत्ती ९.० पासून लॉगच्या नोंदी तारेवरून अखंड पाठवण्याची आणि राखीव सर्व्हरवर प्रश्न विचारू देण्याची सोय झाली. उभारणीचा क्रम सरळ आहे : मुख्य सर्व्हरवर रेप्लिकेशनपुरतेच अधिकार असलेले खाते उघडायचे, चालू डेटाबेसची आधारप्रत राखीव यंत्रावर उतरवून घ्यायची आणि त्या क्षणापासूनच्या नोंदी तिच्यावर लागू करत राहायच्या. हे काम एका दुपारी होते. खरी जबाबदारी त्यानंतर सुरू होते.

अंतर आणि प्रतीक्षा

मुख्य सर्व्हरने राखीव सर्व्हरच्या पोचपावतीसाठी थांबायचे की नाही, हा पहिला निर्णय असतो. न थांबणाऱ्या, म्हणजे असिंक्रोनस पद्धतीत काम वेगाने होते, पण मुख्य सर्व्हर अचानक गेल्यास शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. थांबणाऱ्या, म्हणजे सिंक्रोनस पद्धतीत पक्क्या झालेल्या नोंदी सुरक्षित राहतात, पण एकमेव राखीव सर्व्हर बंद पडला की मुख्य सर्व्हरवरील लेखनही खोळंबते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे संभाजीनगर-पुणे या जवळपास अडीचशे किलोमीटरच्या जाण्यायेण्यालाच अडीच मिलिसेकंद लागतात आणि वाटेतील उपकरणांचा वेळ त्यावर निराळा. एका नोंदीला हा विलंब जाणवत नाही. हजारो व्यवहार एकापाठोपाठ होतात तिथे त्याची बेरीज होते.

तरीही दोन्ही यंत्रे एकाच खोलीत ठेवणे हा उपाय नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यातील किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो प्रदेश देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात मोडत होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. शेअर बाजारासारख्या संस्थांनी आपत्कालीन केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात, आणि ते अडचणीचे असल्यास किमान ५०० किलोमीटरवर ठेवावे, असा भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचा दंडक आहे. त्यामागील कारण मराठवाड्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पहाऱ्याचे मोजमाप

राखीव सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या किती मागे आहे, याला लॅग म्हणतात, आणि देखरेखीचा बहुतेक भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो. पोस्टग्रेसच्या ‘पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन’ या तक्त्यात प्रत्येक राखीव सर्व्हरसाठी चार खुणा दिसतात : नोंद कुठपर्यंत पाठवली, कुठपर्यंत पोचून लिहिली गेली, कुठपर्यंत डिस्कवर पक्की झाली आणि कुठपर्यंत प्रत्यक्ष लागू झाली. मुख्य सर्व्हरवर तयार झालेली नोंद पाठवण्याच्या खुणेपासूनच मागे पडत असेल तर संशय जाळ्यावर जातो; डिस्कवर पक्की झालेली नोंद लागू व्हायला रेंगाळत असेल तर राखीव सर्व्हरवर चाललेल्या एखाद्या लांबलचक अहवालाकडे पाहावे लागते.

वेळेत मोजलेला लॅग मात्र फसवा ठरू शकतो. शेवटची लागू झालेली नोंद किती जुनी, एवढेच मोजणारी सूचना-यंत्रणा सायंकाळी न्यायालयाचे काम थांबताच आकडा वाढवू लागते, कारण नवे व्यवहारच होत नाहीत. रात्री दोन वाजता ती ‘आठ तास मागे’ असा इशारा देते आणि प्रत्यक्षात दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असतात. असे चार-दोन खोटे इशारे मिळाले की पाचव्या, खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा होतो. यावर उपाय म्हणजे एका छोट्या तक्त्यात दर मिनिटाला आपोआप वेळ लिहायची आणि ती राखीव सर्व्हरवर कधी उमटते ते पाहायचे. जोडीला मागे पडलेल्या नोंदींचे आकारमान बाइट्समध्ये मोजायचे.

दुसरा धोका उलट दिशेने येतो. राखीव सर्व्हरला अजून न मिळालेल्या नोंदी मुख्य सर्व्हरने पुसू नयेत, यासाठी २०१४ च्या ९.४ आवृत्तीत ‘रेप्लिकेशन स्लॉट’ आले. पण राखीव सर्व्हर कोणाच्या ध्यानात न येता बंद पडला, तर मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी नोंदी साठवत राहतो, डिस्क भरते आणि शेवटी तोच ठप्प होतो; म्हणजे संरक्षणासाठी ठेवलेली जोडच मूळ यंत्राला घेऊन बुडते. या साठ्यावर मर्यादा घालण्याची सोय २०२० च्या १३ व्या आवृत्तीत झाली, तरी डिस्कवरील मोकळ्या जागेचा इशारा त्याआधीच यायला हवा, आणि तो देणारी यंत्रणा या दोन्ही सर्व्हरांच्या बाहेर, तिसऱ्या यंत्रावर असायला हवी.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

रेप्लिकेशन चूक आणि काम यांत भेद करत नाही. मुख्य सर्व्हरवर चुकून पुसलेला तक्ता काही क्षणांतच राखीव सर्व्हरवरूनही नाहीसा होतो. म्हणून वेगळा बॅकअप लागतोच, आणि तो अधूनमधून उतरवून पाहावा लागतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मागे पडलेला राखीव सर्व्हर पुन्हा जोडण्याच्या खटपटीत एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरीलच डेटा पुसला. रोजचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने बरेच दिवस अयशस्वी होत होते, त्याची सूचना देणारी ईमेल नाकारली जात होती, आणि अखेर सुमारे सहा तासांचा डेटा हातचा गेला. कंपनीने हा तपशील स्वतःच जाहीर केल्यामुळे जगभरच्या डेटाबेस-प्रशासकांना तो धड्यासारखा उपयोगी पडला. राखीव सर्व्हरांपैकी एक मुद्दाम काही तास मागे ठेवण्याची सोयही पोस्टग्रेसमध्ये आहे; चूक लवकर ध्यानात आली तर तिथे पुसण्यापूर्वीची स्थिती सापडते.

सूत्रे हाती घेणे

मुख्य सर्व्हर गेल्यावर राखीव सर्व्हरला मुख्य करणे म्हणजे फेलओव्हर. आज्ञा एका ओळीची असते. अवघड असतो तो निर्णय. मुख्य सर्व्हर खरोखर बंद आहे की केवळ मधली तार तुटली आहे, हे न पाहता घाई केली तर दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजून लेखन स्वीकारतात, आणि एकाच दाव्याला दोन निरनिराळ्या तारखा पडू शकतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या कंपनीत अवघ्या ४३ सेकंदांचा संपर्क तुटला, स्वयंचलित यंत्रणेने सूत्रे अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील केंद्राकडे सोपवली आणि दोन्हीकडे झालेले लेखन जुळवताना सेवा २४ तासांहून अधिक काळ विस्कळीत राहिली.

घाईइतकाच विलंबही महागात पडतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. आपत्कालीन केंद्र अस्तित्वात असूनही व्यवहार तिकडे वळवले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले : घटनेपासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत आपत्कालीन केंद्रावरून काम सुरू करायचे आणि डेटाची हानी १५ मिनिटांपलीकडे जाऊ द्यायची नाही. यातील पहिला आकडा सर्वांत बोलका आहे, कारण तो यंत्राला नव्हे, निर्णय घेणाऱ्या माणसाला बांधतो. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी विशेष सत्रे घेऊन दिवसाच्या मध्यातच व्यवहार मूळ केंद्रावरून आपत्कालीन केंद्रावर नेण्यात आले.

न्यायालये, महानगरपालिका, सहकारी बँका आणि वाळूज-शेंद्र्यातील कारखाने यांना सेबीचे नियम लागू नाहीत, पण त्यांतील तत्त्व तेवढेच लागू पडते. फेलओव्हरचा निर्णय कोणी घ्यायचा, तो उपलब्ध नसेल तर कोणी, जुना मुख्य सर्व्हर आधी कसा अलग करायचा आणि नंतर राखीव म्हणून परत कसा जोडायचा, हे एका पानावर लिहिलेले असावे. न्यायालयांना तर उन्हाळी आणि दिवाळीची सुटी अशा सरावासाठी आयती मिळते. त्या काळात एक दिवस राखीव सर्व्हरवरून काम चालवून पाहावे, लागलेला वेळ आणि आलेल्या अडचणी नोंदवाव्यात आणि पुढच्या सरावात तो वेळ कमी करावा. ज्या संस्थेकडे असा सराव झाल्याची शेवटची तारीख नाही, तिच्याकडे दोन सर्व्हर असले तरी भरवशाचा एकच आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे ठरते.