‘पण का?’ विचारणारी गोष्ट

नवजात बाळ दगावले की नोंदीत कारण एका ओळीत येते: जंतुसंसर्ग, श्वास गुदमरणे, कमी वजन. नाळ मळक्या पात्याने का कापली गेली, घरातून निघायला उशीर का झाला, हे त्या ओळीत मावत नाही. झारखंड आणि ओडिशातील तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने हे प्रश्न गावातल्या बायकांपुढेच ठेवले आणि त्यासाठी साधन निवडले गोष्टीचे.

दर महिन्याला बैठक. ती चालवणारी त्याच भागातली एक बाई, आरोग्य कर्मचारी नव्हे. चित्रांची कार्डे मांडून ती एका बाळंतिणीची गोष्ट सांगते. गोष्टीत बाळ जाते आणि प्रश्न सुरू होतात. बाळाला ताप आला. पण का? नाळ पिकली. पण का? पाते जुने होते. पण का? नवे आणायला घरात कोणी पैसे दिले नाहीत. अशी साखळी आजारापासून निघून पैसा, रस्ता आणि घरात शब्द कोणाचा चालतो, इथवर पोचते. उपायही बायकाच ठरवतात: अडीनडीसाठी निधी, वाहनाची सोय, बाळंतपणाचे स्वच्छ सामान. दवाखान्याच्या भिंतीवरची पोस्टर्स उत्तरे देतात, पण प्रश्न विचारू देत नाहीत.

२००५ ते २००८ या काळातील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. जिथे बैठका झाल्या तिथे नवजात मृत्युदर तुलनेच्या भागांपेक्षा तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी आणि शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी कमी होता. नंतरच्या विश्लेषणात त्याहून मोलाची गोष्ट दिसली. शेवटच्या दोन वर्षांतील घट सर्वांत वंचित कुटुंबांत ५९ टक्के होती, इतरांत ३६. एरवी नव्या सोयीचा लाभ आधी शिकलेल्या, सडकेजवळच्या घरांना मिळतो. इथे उलटे झाले.

रुग्णालयात जाण्याचे प्रमाण मात्र फारसे वाढले नाही. बदल झाला तो घरात. हात धुणे, उकळलेला दोरा, निव्वळ स्तनपान. त्यामुळे अडलेल्या बाईला शस्त्रक्रियेची सोय लागतेच, ती गोष्टीने भागत नाही.

पुढे अशाच बैठका आशा कार्यकर्त्यांनी घेतल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही ३१ टक्के घट आढळली. मेळघाटात हे करायचे तर गोष्ट कोरकूत सांगावी लागेल, नंदुरबारात भिलीत. पुण्या-मुंबईत छापलेली पुस्तिका तिथे चालणार नाही, आणि नोंदवह्या भरण्यात दिवस जाणाऱ्या आशाताईला बैठकीसाठी वेळ आणि मोबदला, दोन्ही द्यावे लागतील.