जगाच्या छपरावरील श्वास

तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे ४,५०० मीटर आहे. इतक्या उंचावर हवा विरळ असते. समुद्रकाठी एका श्वासाबरोबर जेवढा प्राणवायू छातीत जातो, त्याच्या जेमतेम तीन-पंचमांश येथे मिळतो. सपाटीवरील धडधाकट मनुष्य तेथे गेला, की चार पावलांतच त्याला धाप लागते. तो तेथेच राहिला, तर त्याचे रक्त दाट होऊ लागते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू शिणते. तिबेटी मेंढपाळ मात्र याच हवेत याकांचा कळप हाकीत चढण चढतो, आणि वर गाणेही म्हणतो!

हे सामर्थ्य निव्वळ सवयीचे नव्हे. तिबेटी लोकांचे रक्त फारसे दाट होत नाही व फुप्फुसांतील रक्तवाहिन्याही फारशा आकसत नाहीत. हा गुण पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यास कारण असलेले एक जनुक शास्त्रज्ञांना २०१० साली आढळले; ते डेनिसोव्हन नावाच्या लुप्त मानवजातीकडून आले असल्याचे २०१४ साली दिसून आले.

परंतु हजारो वर्षांत साधलेला हा तोल एक क्षुद्र कृमी बिघडवू शकतो. हा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची लांबी अवघी काही मिलिमीटर! त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात आणि चरणाऱ्या मेंढ्यांच्या व याकांच्या पोटात जातात. तेथे पाण्याने भरलेल्या गाठी होतात. जनावर कापल्यावर टाकून दिलेले आतडे-काळीज कुत्रा खातो आणि चक्र पुरे होते. मेंढपाळाचे मूल राखणीच्या कुत्र्याला कुरवाळते व त्याच हातांनी भाजलेल्या जवाचे पीठ मळून खाते. बिचाऱ्याला त्या अंड्यांची काय कल्पना?

अंड्यातून निघालेला जीव रक्ताबरोबर प्रथम यकृतात पोहोचतो. बहुतेक तेथेच अडकतात. जे निसटतात, ते हृदयातून फुप्फुसांत जातात. गाठ सावकाश, कित्येक वर्षे वाढत राहते. यकृतातील गाठ फार मोठी झाली, की छाती व पोट यांमधला पडदा वर रेटला जातो आणि उजव्या फुप्फुसास पुरते फुगता येत नाही. शरीरातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी नीला यकृताच्या पाठीमागूनच जाते. तीही कधीकधी दाबली जाते. सपाटीवर हे काही काळ सोसेल. परंतु जेथे प्राणवायू मुळातच तोकडा, तेथे फुप्फुसाचा लहानसा भागही निकामी होणे महागात पडते.

म्हणून यकृतावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तेथील वैद्य हृदय व फुप्फुसे बारकाईने तपासतात. भूल दिल्यावर श्वास मंदावतो. शिवाय गाठ फुटून आतले पाणी सांडले, तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. काही रोग्यांना केवळ औषधावर ठेवतात, पण ते महिनोन्‌महिने घ्यावे लागते.

त्यापेक्षा कुत्र्यास औषध देणे सोपे. पोटात शिरलेल्या कृमीस अंडी घालण्याइतके वाढण्यास महिनाभर किंवा अधिक काळ लागतो. म्हणून पठारावरील कुत्र्यांना दरमहा गोळी चारण्याची मोहीम चालते. कापलेल्या जनावराचे आतडे-काळीज खोल पुरण्यासही मेंढपाळांना सांगितले जाते. मात्र वस्ती फिरती, कुत्री मोकाट आणि दोन तंबूंमध्ये कोसांचे अंतर. त्यामुळे गोळी प्रत्येक कुत्र्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.