संमती कोण ठरवतो?

अनेक बायकांशी संबंध ठेवणारा पुरुष आपल्या भाषेत ‘रंगेल’ असतो. तेच बाईने केले तर ती ‘बदफैली’. बलात्काराला आपण ‘अब्रू लुटली’ म्हणतो, आणि गेलेली अब्रू बाईची असते, लुटणाऱ्याची शाबूत. न्यायालयांनी ‘संमती’चा अर्थ लावला तोही याच शब्दकोशातून. देसाईगंज खटल्याचे निकाल त्यासाठी पुन्हा वाचले पाहिजेत.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. मजुरी करणारी एक पोरकी आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात आणली गेली. डॉक्टरांच्या मते तिचे वय १४ ते १६. जबाब झाल्यावर बाकीचे बाहेर पडले, तिला थांबवले गेले. एका शिपायाने ठाण्याच्या आवारातच बलात्कार केला आणि हवालदाराने अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी तिची फिर्याद. (तिचे नाव खटल्याला कायमचे चिकटले आहे, येथे ते मुद्दाम दिलेले नाही.)

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडले. मुलगी संभोगाला सरावलेली, तेव्हा तिची संमती असणार. बाहेर जमलेल्या लोकांपुढे शीलवती दिसावे म्हणून तिने बलात्काराचा कांगावा केला, असा तर्क! उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो फिरवला. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे राजीखुशी नव्हे, असे सांगून शिपायाला ५ वर्षांची आणि हवालदाराला १ वर्षाची शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष ठरवले: अंगावर जखमा नाहीत, ती शिपायामागे मुकाट गेली, म्हणजे संमती.

पुरुष ‘सरावलेला’ आहे काय, हे तपासण्याची रीत कुठल्याच न्यायालयात नव्हती.

जिवावर बेतले तरी झुंजेल तीच खरी शीलवती, हा मानदंड उंबरठ्याआड राखलेल्या उच्चवर्णीय स्त्रीचा आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीअंतर्गत विवाह टिकवण्याची साधने आहेत, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवून दिले होते. बाईच्या देहाभोवतीचे कुंपण हे जातीचेच कुंपण. आत आहे तिचे शील राखायचे. कुंपणाबाहेर राबणारीला शील असते हेच मान्य नाही. आणि तरी न्यायालयात जखमा दाखवायच्या त्या तिनेच. गणवेशातल्या माणसाला पोरीने झुंज कशी द्यायची, आणि तक्रार कुणाकडे न्यायची? त्याच गणवेशाकडे?

जातीचे हे गणित उलटेही वापरले जाते. राजस्थानातील भंवरीदेवी खटल्यात १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपी सोडले, तेव्हा वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर बलात्कार करणे संभवत नाही, असाही युक्तिवाद निकालात होता. विटाळ असा आरोपीच्या बचावाला धावून आला.

देसाईगंज निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढच्या वर्षी स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कारापुरता नियम बदलला: संभोग सिद्ध झाला आणि बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. पण उलटतपासणीत फिर्यादी बाईचे ‘चारित्र्य’ उकरण्याची मुभा देणारे कलम २००२ पर्यंत पुराव्याच्या कायद्यात ठाण मांडून होते. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे कायद्यात लिहायला २०१३ उजाडले. ती ‘सरावलेली’ आहे काय हे बोटांनी तपासण्याची पद्धत थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही बजावावे लागले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम ६३ मध्ये संमतीची व्याख्या स्पष्ट आहे: शब्दाने वा खुणेने दिलेला, निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. त्याच कलमाखाली अपवाद आहे: बायको १८ वर्षांखालील नसेल, तर नवऱ्याने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत नाही.