शरदातली जुनी ठेव

कोजागिरीचे आटीव दूध संपले, की बहुतेक घरांतून आभाळाकडे पाहणेही संपते. खरी गंमत मात्र दिवाळीचा धूर ओसरल्यावर, चंद्रकोर लवकर मावळते त्या तीन-चार रात्रींत असते. रात्री ९च्या सुमारास डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन, उत्तरेला इंग्रजी ‘एम’सारखी शर्मिष्ठा, जवळच देवयानी आणि ययाती. खांडेकरांच्या कादंबरीतले सारे कुटुंब वर नांदते आहे!

चौकोनाचा ईशान्य कोपरा आणि शर्मिष्ठा यांच्या मधोमध कापसासारखा एक पुसट ठिपका शोधा. ती देवयानी दीर्घिका. तिचा हा प्रकाश निघाला सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी. सारी नोकरी बँकेत केलेल्या मला इतकी जुनी आणि तरीही बिनबोभाट घरपोच झालेली ठेव दुसरी ठाऊक नाही.

पण शहराच्या झगमगाटात ठिपका सोडाच, चौकोनही मुश्किलीने सापडतो. तेव्हा मुला-नातवंडांना घेऊन एक रात्र दूर गावी जा. दिवे मालवा, डोळ्यांना २० मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या. रक्कम रोज रात्री येते आहे; खिडकी आपणच बंद करून बसलो आहोत.