कासवाचं पिल्लू घरी आणताय? आधी ते कोणतं कासव, हे पाहा

इंग्रजीत जमिनीवरच्या कासवाला एक शब्द आहे आणि पाण्यातल्याला दुसरा. मराठीत दोघंही कासवच. समुद्रातून वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं तेही कासव, भातखाचरात सापडतं तेही कासव आणि ॲक्वेरियमच्या दुकानात हिरव्या पाठीचं रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं दिसतं तेही कासव. बोलताना याने काही बिघडत नाही. पण पहिल्यांदाच पिल्लं पाळणाऱ्याची चूक अनेकदा इथेच होते. जमिनीवरचं पिल्लू पाण्याच्या टबात ठेवलं की ते बुडून मरू शकतं आणि पाण्यातलं फरशीवर ठेवलं की सुकतं.

त्यामुळे टाकी, दिवा, खाणं या सगळ्याच्या आधी प्रजाती ओळखायची. उरण तालुक्यातल्या जासईसारख्या गावात साधारण तीन प्रकारची पिल्लं घरात येऊ शकतात.

पहिलं पावसाळ्यात तळ्याकाठी किंवा रस्त्यावर सापडणारं. पाठ कडक नसून चामड्यासारखी, नाक पुढे आलेलं आणि पोटाखाली मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतील, तर ते आपल्याकडचं गोड्या पाण्यातलं मऊ पाठीचं कासव आहे. दुसरं, काळ्या घुमटावर पिवळ्या रेघांची चांदणी असलेलं स्टार कासव. हे मुळात गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेतल्या कोरड्या, काटेरी माळरानांचं. कोकणच्या ओलाव्यात ते आपणहून येत नाही, म्हणजे कोणीतरी ते आणून विकलेलं असतं. इथल्या दमट पावसाळ्यात त्याला श्वसनाचे आजारही लवकर जडतात.

ही दोन्ही कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. ती विकणं, विकत घेणं आणि घरात बाळगणंही गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 3 ते कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड अशी आहे. ‘भेट मिळालं’, ‘वास्तूसाठी ठेवलं’ म्हटल्याने सुटका होत नाही. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतं म्हणून घरात जिवंत हवं, किंवा वीस नखांचं कासव पैसा आणतं, या समजुतींवर तस्करांचा धंदा चालतो. पैसा येतो, पण विकणाऱ्याकडे.

असं पिल्लू आधीच घरात असेल, तर रात्री गुपचूप तळ्यात सोडू नका. स्टार कासवाला पोहता येत नाही. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. रस्त्यावर सापडलेलं मऊ पाठीचं पिल्लू जखमी नसेल, तर जवळच्याच तळ्याच्या काठावर ठेवलं की काम झालं.

तिसरं पिल्लू दुकानातलं : कानाजवळ लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. भारतात ते उघडपणे विकलं जातं. आफ्रिकन सल्काटासारखी काही परदेशी कासवं मात्र आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत येतात. त्यांची 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार कागद देत नसेल, तर ते घेऊ नये हे बरं.

स्लायडर दुकानात ज्या प्लॅस्टिकच्या डब्यात मिळतं (मध्ये एक नारळाचं खोटं झाड असतं), तो डबा त्याचं घर नव्हे. हे पिल्लू वाढून जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि 20-30 वर्षं जगतं. आज तिसरीत असलेल्या मुलासाठी आणलं, तर मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही कासव घरात असेल. पिल्लासाठी निदान दोन फुटी टाकी, पुढे तीनशे लिटरच्या आसपासची, सोबत फिल्टर आणि पूर्ण कोरडं होऊन बसायला एक उंच जागा हवी. पाणी 25 ते 28 अंश, बसायची जागा 32 अंशांच्या आसपास गरम. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरावं.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते उन्हाकडे. अतिनील किरणांशिवाय कासवाला कॅल्शियम अंगी लावता येत नाही, मग पाठ मऊ आणि वेडीवाकडी होते. खिडकीच्या काचेतून ही किरणं जवळपास येतच नाहीत आणि उन्हात ठेवलेली काचेची टाकी तापून पिल्लू शिजतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धी सावली असलेल्या उघड्या टबात, लक्ष ठेवून अर्धा तास पुरे. कावळे आणि मांजरं मात्र टपलेली असतात. जून ते सप्टेंबर कोकणात ऊनच नसतं, तेव्हा यूव्हीबी दिवा घ्यावाच लागतो. त्याचा उजेड दिसत राहिला तरी किरणं कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षाने तो बदलायचा.

फक्त पाकिटातली सुकी कोळंबी खाऊ घातली, तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने डोळे सुजतात आणि पिल्लू खाणं सोडतं. कासवांसाठीचं तयार खाद्य, काट्यासकट छोटा ताजा मासा, गांडूळ आणि वाढत्या वयात जास्त पालेभाजी असं मिश्रण ठेवावं. भात, चपाती, दूध नको. घरात खारवलेली मासळी असली, तरी तीही नको.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं पिल्लं तोंडात घालत आणि आजारी पडत, म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हात लावल्यावर साबणाने धुवावेत, टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये ओतू नये आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लू देऊ नये. कासवं तपासणारा पशुवैद्य आपल्या भागात कोण, हेही पिल्लू आणण्याआधीच विचारून ठेवावं.

आणि कंटाळा आला तर? बहुतेक स्लायडर याच टप्प्यावर गावच्या तळ्यात पोहोचतात. जगातल्या सर्वात घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. तळ्यातलं अन्न आणि उन्हाची जागा ते मूळच्या कासवांकडून हिसकावतं. युरोपीय संघाने 1997 मध्येच त्याची आयात थांबवली. सांभाळणं जमत नसेल, तर दुसरा पाळणारा किंवा बचाव केंद्र शोधावं लागतं, आणि मोठं झालेलं कासव घ्यायला फारसं कोणी तयार नसतं. दुकानात पैसे देण्याआधी निदान एक-दोन फोन करून हे विचारून पाहता येतं.