बर्फ किती दिवस टिकतो? वितळलेलं पाणी मोजा

आइसबॉक्सच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'बर्फ पाच दिवस टिकतो'. कुठे सात दिवस, कुठे दहा. पण बाहेर किती ऊन होतं, पेटीत किती बर्फ भरला होता, झाकण दिवसातून किती वेळा उघडलं, पाचव्या दिवशी उरलं ते लादीचा तुकडा होता की मूठभर खडे, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. अशाच एका वाक्यावर विश्वास ठेवून काही वर्षांपूर्वी मी एक पेटी घेतली आणि मेअखेरीला काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. आम्ही सहाजण, दोन रात्रींचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं तेव्हा पनीरचं पाकीट कोमट पाण्यात तरंगत होतं. मसाला लावून आणलेलं चिकन फेकून द्यावं लागलं आणि मुलांचं दूध नासलं होतं. घरी आल्यावर मी ती पेटी करवतीने कापली. भिंतीत जेमतेम दोन सेंटिमीटर थर्माकोल होतं आणि झाकण आतून चक्क पोकळ होतं.

तेव्हापासून मला एक डबा आठवत राहतो, जो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर टेबलाशेजारी ठेवलेला, चार आइसपॅक मावणारा लसीचा डबा. गावोगाव, वाडीवस्तीवर जाणाऱ्या या डब्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावंडांची, म्हणजे मोठ्या कोल्ड बॉक्सची, जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली चाचणी आहे. बाहेरचं तापमान सतत ४३ अंश ठेवायचं. आत पूर्ण गोठवलेले आइसपॅक भरून झाकण लावायचं. मग आतली सगळ्यात उबदार जागा १० अंशांना पोचेपर्यंत किती तास गेले ते मोजायचं. त्याला 'कोल्ड लाइफ' म्हणतात. लांब पल्ल्याच्या कोल्ड बॉक्सला हे तास किमान ९६ असावे लागतात, कमी पल्ल्याच्या बॉक्सला ४८. बाहेरचं तापमान आणि आतली मर्यादा दोन्ही ठरलेली असल्याने दोन पेट्यांची तुलना खरोखर करता येते. सहलीच्या पेटीकडेही याच नजरेने बघायला हवं.

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. बर्फाची सगळी ताकद या आकड्यात आहे. भिंतीतून दिवसभरात जेवढी उष्णता आत झिरपेल, तिला ३३४ने भागलं की रोज किती किलो बर्फ जाणार ते कळतं. समजा पेटी आतून ५० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर आहे, म्हणजे ४५ लिटरची, आणि बाहेर दिवस-रात्र मिळून सरासरी २८ अंश आहेत. भिंत आणि झाकण, सगळीकडे पाच सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम असेल, तर दिवसाला साधारण साडेतीन किलो बर्फ वितळतो. त्याच मापाच्या पेटीला दोन सेंटिमीटर थर्माकोल असेल, तर आठ किलोंच्या वर. दहा किलोंची लादी पहिल्या पेटीत जवळजवळ तीन दिवस पुरेल, दुसरीत सव्वा दिवसही पुरणार नाही. माझं चिकन नेमकं याच गणिताने गेलं.

या हिशेबात पेटीचं बाहेरचं प्लॅस्टिक कुठेच आलं नाही, कारण ते उष्णता फारशी अडवत नाही. फोममधले हवेचे, वायूचे बारीक कप्पे ते काम करतात. उसाच्या रसवंतीवाल्याने लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवलेली आपण पाहिली आहे. भुसाही आपल्या पोकळ्यांत हवा धरून ठेवतो, म्हणून उपयोगी पडतो. १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून नैसर्गिक बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता, पोचला सुमारे १०० टन. पुढे मुंबईतही अमेरिकेच्या तळ्यांतल्या या बर्फासाठी बर्फघर बांधलं गेलं. विषुववृत्त ओलांडून, ना वीज ना यंत्र, अर्ध्याहून जास्त माल शाबूत राहिला. आवरण चांगलं होतं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ढीग अवाढव्य होता. ढीग वाढतो तसा बाहेरचा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही आणि बर्फाचा आतला भाग सुरक्षित राहतो. म्हणून एक सबंध लादी तेवढ्याच वजनाच्या खड्यांपेक्षा जास्त टिकते, आणि मोठ्या पेटीत तळाशी टाकलेला थोडासा बर्फ लवकर संपतो.

आता टिकाऊपणाकडे. आज महागड्या पेट्यांवर 'रोटोमोल्डेड' हा शब्द असतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं की यामुळेच गारवा टिकतो. तसं नाही. रोटोमोल्डिंग म्हणजे साच्यात प्लॅस्टिकची पूड घालायची, साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवायचा आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा थर आतल्या बाजूला सगळीकडे चढू द्यायचा. सांधा नसलेलं, जाड, पोकळ भांडं तयार होतं. आपल्या गच्चीवरची काळी टाकी अशीच बनते. सिंटेक्सने १९७५पासून ती भारतभर नेली. टाकी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहते, तिच्यावर माणूस चढला तरी तडा जात नाही. तेच कवच पेटीला दिलं आणि दोन भिंतींमधल्या पोकळीत फोम भरला की झाली रोटोमोल्डेड पेटी. कवच देतं मजबुती, फोम देतो गारवा. पैसे मोजताना या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात.

या मजबुतीची गरजही खऱ्या कामातून आली. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे रॉय आणि रायन सायडर्स हे भाऊ मासेमारीचे शौकीन. होडीत पेटीवर उभं राहून गळ टाकायचा, तर झाकणं खचायची, कड्या तुटायच्या. २००६ साली त्यांनी 'यती' ही कंपनी काढली आणि महागडी पण न तुटणारी पेटी विकायला सुरुवात केली. अमेरिकेत अशा पेट्या अस्वलांसमोरही ठेवतात. माँटाना राज्यात वेस्ट यलोस्टोन इथल्या केंद्रात आत खाऊ भरलेली पेटी ग्रिझली अस्वलांना दिली जाते आणि तासभर झटूनही ती फुटली नाही तर तिला अस्वलरोधक म्हणतात. ही परीक्षा झाकणाची, कडीची आणि कुलपाची आहे. बर्फाबद्दल ती काही सांगत नाही. पण आपल्याकडे तंबूबाहेर ठेवलेली पेटी रात्री कुत्री उलथवतात, दिवसा माकडं उघडतात. पक्की कडी इथेही लागतेच.

दुकानात मी आता सगळ्यात आधी झाकणावर बोटाने टकटक करतो. आवाज ढोलासारखा पोकळ आला की ती पेटी बाजूला. मग झाकणाच्या कडेचं रबर बघतो. कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून कडी लावायची आणि ओढायची. चारही बाजूंना ती घट्ट अडली पाहिजे. एका कोपऱ्यात सहज सुटली तर तिथून रात्रंदिवस गरम हवा आत जाणार. मोबाइलचा टॉर्च सुरू करून आत ठेवावा, झाकण लावून अंधारात बघावं, प्रकाशाची रेघ दिसते का. बिजागरी झाकणाच्या पूर्ण लांबीची, आरपार दांडा असलेली असेल तर उत्तम, कारण छोट्या प्लॅस्टिकच्या बिजागऱ्याच आधी तुटतात. रबराच्या कड्या सुट्या मिळतात का आणि पाणी काढायच्या बुचाचं वॉशर बदलता येतं का, हे विचारून घ्यावं. रंग पांढरा किंवा फिकाच घ्यावा.

वजन मात्र दोन्ही हातांनी उचलून बघावं. ४५ लिटरच्या आसपासची जाड पेटी रिकामीच दहा किलोंची असते. बर्फ आणि सामान भरलं की पस्तीस किलो. ती उचलायला दोन माणसं लागतात आणि जिथवर गाडी जाते तिथवरच तिचं राज्य. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड चढायचा असेल तर तिचा विचारही करू नये. तिथे गोठवलेली पाण्याची बाटली आणि जाडसर टॉवेल पुरतो. शिवाय पेटीत दोन भाग बर्फ, एक भाग सामान हे प्रमाण धरलं तर ४५ लिटरमध्ये सामानाला पंधराच लिटर उरतात. सहा माणसांचं दोन दिवसांचं खाणं त्यात बसेल. पाण्याच्या बाटल्यांसाठी दुसरी साधी पेटी ठेवावी.

बाटल्या वेगळ्या ठेवण्याचं कारण पुन्हा गणितातच आहे. ३० अंशांचं एक लिटर पाणी ४ अंशांवर आणायला सुमारे तीनशे ग्रॅम बर्फ लागतो. डझनभर कोमट बाटल्या पेटीत कोंबल्या की साडेतीन किलोंहून जास्त बर्फ, म्हणजे चांगल्या पेटीचा एका दिवसाचा शिधा, तिथेच खर्च होतो. म्हणून जे आत जाईल ते आदल्या रात्री फ्रिजमध्ये गार झालेलं असावं. पेटीसुद्धा. उन्हातल्या माळ्यावरून काढलेल्या पेटीचं प्लॅस्टिक आणि फोम थंड करण्यातच किलोभर बर्फ जाऊ शकतो, तेव्हा रात्री आत थोडा टाकाऊ बर्फ ठेवून द्यावा आणि निघताना तो फेकून नवा भरावा.

वितळलेलं पाणी काढावं की ठेवावं, यावर नेहमी वाद होतो. डब्याबंद सामान असेल तर ठेवावं. ते पाणी शून्याजवळच असतं, बाटल्यांना सगळीकडून भिडतं. काढून टाकलं की त्याच्या जागी गरम हवा येते. मासे असतील तर उलट. मालवणहून सुरमई-पापलेट घेऊन मुंबईला निघालात तर पाणी वाहून जायलाच हवं, कारण मासा पाण्यात भिजत राहिला की त्याची चव आणि पोत दोन्ही जातात. मासळीला बर्फ तिच्या वजनाइतका, थर लावून. बर्फात मीठ मात्र घालू नये. कुल्फीवाला घालतो, कारण त्याला माठातलं तापमान शून्याखाली न्यायचं असतं. त्याचा बर्फ तेवढाच भरभर संपतो.

मासळी बाजारातून लादी घेताना तिचा रंग बघा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८मध्ये आला. असा बर्फ पेटी थंड ठेवायला चालेल, पण ग्लासात किंवा उघड्या अन्नाला लागेल असा नको. आणि आत एक साधा थर्मामीटर असू द्या. शिजवलेलं अन्न, दूध, मांस ५ अंशांखाली राहिलं पाहिजे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वेगाने वाढतात, आणि हात लावून 'गार आहे' म्हणणं पुरेसं नाही, कारण १५ अंशही हाताला गारच लागतात. गाडीच्या सॉकेटवर चालणारे स्वस्त 'मिनी फ्रिज' इथेच फसवतात. कॉम्प्रेसर नसेल तर ते बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जातात. विदर्भातल्या ४२ अंशांत आत बावीस-सत्तावीस. इन्सुलिन नेणाऱ्यांनी तर त्यावर अजिबात विसंबू नये. इन्सुलिनला बर्फाचा थेट स्पर्शही चालत नाही, ते गोठलं की निकामी होतं. लस नेणाऱ्या नर्सताई आइसपॅक फ्रीझरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवतात आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच डब्यात भरतात. तीच रीत घरच्या पेटीलाही लागू पडते.

नवी पेटी आणली की सहलीआधी मी तिची घरीच परीक्षा घेतो. आदल्या रात्री गार केलेल्या पेटीत दहा किलो बर्फ भरायचा, आत साचलेलं पाणी काढून झाकण लावायचं, ती खोलीत सावलीत ठेवायची आणि २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बूच उघडून आलेलं पाणी बादलीत घ्यायचं आणि वजन करायचं. तेवढे किलो बर्फ ही पेटी रोज खाते. माझ्या सध्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर मार्करने लिहिलं आहे: मे, ३ किलो ९००, डिसेंबर, २ किलो ६००. पुढच्या भंडारदऱ्याला मी मे महिन्याच्या आकड्याला अडीचने गुणलं, झाकण उघडण्यासाठी दोन किलो वर धरले आणि बारा किलोंची लादी घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी शेंडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा तळाशी विटेएवढा तुकडा शिल्लक होता, आणि मुलांचं दूध ४ अंशांवर.