पडदा काळा पडला म्हणून डिस्क पुसू नका

ज्या शाळेत संगणक एकच आहे, तेथे हजेरी, गुणपत्रके, दाखल्यांच्या नोंदी असे सारे त्याच्याच पोटात असते. अशा संगणकावर लिनक्सच्या घराण्यातली उबुंटू ही प्रणाली आहे असे समजा. तुम्ही ती २२.०४ वरून २४.०४ वर नेली. (या आकड्यांत साल आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल.) आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबले, तर नुसता काळा पडदा! मग काय करावे?

आधी काय करू नये ते ऐका. कोणाला बोलावून डिस्क ‘फॉरमॅट’ करून घेऊ नका. हा सल्ला देणारा गावात कोणी ना कोणी भेटतोच, आणि कामही झटपट उरकते. पण मग गुणपत्रके गेली ती गेलीच. वास्तविक अशा वेळी तुमच्या फाइली बहुधा जागच्या जागी शाबूत असतात. बिघडलेली असते ती त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट.

संगणक टप्प्याटप्प्याने जागा होतो. प्रथम ‘ग्रब’ नावाचा लहानसा प्रोग्राम उठतो. तो ‘कर्नल’ला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, उठवतो. कर्नल डिस्क, कळफलक, पडद्याचे कार्ड यांना कामाला लावतो, आणि सर्वांत शेवटी तो ओळखीचा चित्रांचा पडदा येतो. आता गंमत अशी, की नवा कर्नल आला तरी जुना लगेच टाकून देत नाहीत; बहुधा तो बाजूला ठेवलेला असतो. तोच आपल्या उपयोगी पडायचा आहे.

संगणक सुरू होताच जुन्या यंत्रावर शिफ्टची कळ दाबून धरा. नव्या यंत्रावर एस्केप एकदाच दाबा. घाईने चार वेळा दाबलीत तर यादीऐवजी नुसता ‘ग्रब’ हा शब्द येतो. तसे झाले तर यंत्र पुन्हा सुरू करावे. यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीच्या आकड्याचा कर्नल निवडा. पडदा आला? मग दुसरे काही करण्याआधी सगळ्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

जुनाही चालला नाही, तर यादीतल्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजीत, सलग लिहा आणि एफ-१० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो.

आता दुरुस्ती. अद्ययावत करताना मध्येच वीज गेली असेल, तर काही पॅकेजे अर्धवट बसलेली असतात. टर्मिनल उघडून इंग्रजीत लिहा: सुडो; जागा सोडून डीपीकेजी; जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना लागून कॉन्फिगर; पुन्हा जागा सोडून एक रेघ आणि तिला लागून ए. सांकेतिक शब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजू नका.

एनव्हिडियाचे कार्ड असेल तर खोड बहुतेक तेथेच सापडते. इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर कर्नलच्या सोबतच येतात. एनव्हिडिया कंपनीचा वेगळा येतो, आणि तो प्रत्येक कर्नलला जुळवून बसवावा लागतो. नव्या जात्याला जुना खुंटा बसत नाही, तसेच हे. ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीत ‘टेस्टेड’ असे लिहिलेला ड्रायव्हर निवडून बसवा.

या वेळी एखादा सांकेतिक शब्द ठरवायला सांगितले, तर तो कागदावर टिपून ठेवा. यंत्र पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे बहुतेक जण पहिली ओळ निवडून पुढे जातात, आणि ड्रायव्हर बसूनही चालत नाही. तेथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच शब्द द्यायचा असतो.

नवा कर्नल आठवडाभर नीट सुरू होऊ द्या. ‘ऑटोरिमूव्ह’ची आज्ञा देऊन जुन्या वस्तू काढायच्या त्या त्यानंतर.